लो शिअर मिक्सिंग : माल न मोडता कसा मिसळायचा (नवीन युनिट टाकणाऱ्यांसाठी)

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, महाबळेश्वर-वाईकडून येणाऱ्या स्ट्रॉबेरीचे तुकडे घातलेला क्रश आणि लग्नसराईत श्रीखंड, एवढाच माल. पहिल्या सीझनला ३०० लिटरच्या टाकीवर आम्ही १४४० आरपीएमचा (मिनिटाला १४४० फेरे) डायरेक्ट मोटरवाला स्टरर बसवला, कारण ज्याच्याकडून घेतला त्यानं सांगितलं की स्पीड जेवढा जास्त तेवढं मिक्सिंग चांगलं, आणि ते आम्हाला पटलं पण. दहा मिनिटांत तुकड्यांचा लगदा झाला, वर बोटभर फेस आला आणि रंग लाल सोडून फिकट गुलाबी झाला. आइस्क्रीमवाल्या गिऱ्हाइकानं अख्खा लॉट परत पाठवला, म्हणाला आम्ही तुकड्यांचे पैसे दिलेत, लगद्याचे नाहीत. बरोबरच होतं त्याचं.

त्यानंतर दोन सीझन विचारत, मोजत, चुकत जे समजलं ते खाली क्रमानं लिहितोय. फळाचंच युनिट पाहिजे असं नाही, मसाला, शाम्पू, दुधाचे पदार्थ, सांडपाण्याचा प्लांट, सगळीकडं हेच गणित चालतं.

१. आधी ठरवा : तुमच्या मालाला घुसळायचंय का कालवायचंय

आपल्याकडं मिसळण्याला किती शब्द आहेत बघा. दहीभात कालवतो, आमटी ढवळतो, कणीक मळतो, अळूची भाजी घोटतो, ताक घुसळतो. दहीभात रवीनं घुसळ असं घरात कुणी सांगणार नाही. म्हणजे कुठल्या पदार्थाला किती जोर लावायचा हे आपल्या भाषेत आधीपासून आहे, कारखान्यात त्याच जोराला शिअर म्हणतात. घुसळणं हे हाय शिअर आणि कालवणं, सावकाश ढवळणं हे लो शिअर.

साय घुसळली की लोणी का निघतं, तर फॅटच्या बारीक थेंबांभोवतीचं पातळ आवरण रवीच्या माराने फाटतं आणि थेंब एकमेकाला चिकटतात. तिथं ते फाटणं आपल्याला हवंच असतं. पण तुकडेवाला क्रश, घट्ट दही, बेदाणा घातलेला मिक्स, यात फाटणं म्हणजे नुकसान.

लो शिअर कुठं कुठं लागतं याची आपल्याच भागातली उदाहरणं घ्या. साखर कारखान्यात पॅनमधनं उतरलेलं मसाक्विट (साखरेचे दाणे आणि पाक यांचं घट्ट मिश्रण) क्रिस्टलायझरमध्ये अगदी संथ फिरवत थंड करतात, कारण जोरात फिरवलं तर तयार दाणा मोडतो आणि नको असलेला बारीक दाणा उगवतो. सांडपाणी किंवा नदीचं पाणी स्वच्छ करताना तुरटी टाकल्यावर मिनिटभर जोरात ढवळतात, पण नंतर गाळाचे पुंजके बांधायला एकदम हळू ढवळावं लागतं, तिथं स्पीड वाढवला की बांधलेले पुंजके परत फुटतात आणि पाणी गढूळच राहतं. लॅबमध्ये याचीच जार टेस्ट असते, साधारण १०० आरपीएमला एक मिनिट आणि मग २०-३० आरपीएमला १५-२० मिनिटं. कुणाच्या तरी प्लांटवर ती एकदा उभं राहून बघाच, लो शिअर म्हणजे काय ते काचेच्या भांड्यात डोळ्यांनी दिसतं.

२. शिअर म्हणजे नेमकं काय ते एकदा समजून घ्या

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहून कृष्णा बघा. मधली धार जोरात, काठाचं पाणी सावकाश, आणि या दोन्हीच्या मध्ये जलपर्णीचा पुंजका सापडला की तो गरगर फिरतो आणि फाटतो. मधल्या धारेत जो पुंजका सगळ्या पाण्याबरोबर चाललाय त्याला काही होत नाही, वेग जास्त असला तरी. फाडतो तो वेग नाही, शेजारच्या दोन थरांच्या वेगातला फरक फाडतो.

हिशोब सोपा आहे, दोन थरांच्या वेगातला फरक भागिले त्यांच्यातलं अंतर, म्हणजे शिअर रेट, त्याचं माप पर सेकंद. पात्याचं टोक सेकंदाला ०.९४ मीटर जातंय, टाकीची भिंत स्थिर आहे आणि मध्ये २० मिमीची फट आहे, तर ०.९४ भागिले ०.०२ म्हणजे ४७ पर सेकंद. फट १० मिमी केली की तोच आकडा दुप्पट, स्पीड न वाढवता. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

३. आपला माल ओळखा

मशीन बघायला जायच्या आधी हे करा, नाहीतर समोरचा त्याच्याकडं जे तयार पडलंय तेच गळ्यात मारतो.

काही माल ढवळला की पातळ होतो आणि थांबलं की परत घट्ट होतो, केचप तसा. काही एकदा मोडला की परत येत नाही, दही तसं, जास्त फेटलं की पाणी सुटतं आणि ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी पूर्वीसारखं बसत नाही. आणि काही माल उलटा, कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून जोरात चमचा फिरवा, हाताला दगडासारखं लागतं.

तुमचा कुठला ते बघायला घरच्या दोन टेस्ट पुरतात. एक, तुकड्यांचा माल असेल तर ५०० ग्रॅम माल ६ मिमीच्या चाळणीवर ओता, निथळू द्या, वर राहिलेल्याचं वजन घ्या. मिक्सिंगच्या आधी आणि नंतर. फरक पडला तेवढा तुम्ही मोडला. दोन, दही-चक्का असेल तर मोजपात्रात भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी वर किती पाणी सुटलंय ते लिहून ठेवा. आम्ही अजून प्रत्येक लॉटला चाळणी करतो.

जाडी, म्हणजे व्हिस्कॉसिटी, मात्र लॅबमधनं मोजून घ्या आणि रिपोर्टवर तापमान, स्पिंडल नंबर आणि आरपीएम लिहून मागा. नुसता सेंटीपॉइजचा आकडा काही कामाचा नाही, कारण ढवळल्यावर पातळ होणाऱ्या मालाचा आकडा स्पिंडलच्या स्पीडवर बदलतो.

४. आरपीएम विसरा, टोकाचा वेग काढा

या एका मुद्द्यावर आमचे पैसे गेले म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे विचारतात किती आरपीएम. पण १०० मिमीचं पातं ५० आरपीएमला फिरणं आणि १००० मिमीचं पातं ५० आरपीएमला फिरणं यात टोकाच्या वेगाचा दहापट फरक आहे. टोकाचा वेग असा काढायचा : ३.१४ × पात्याचा व्यास मीटरमध्ये × सेकंदाला फेरे (म्हणजे आरपीएम भागिले ६०).

आमचा जुना स्टरर : ३.१४ × ०.१५ × २४ = ११.३ मीटर पर सेकंद.
आत्ताचा अँकर (भिंतीलगत फिरणारं मोठं यू आकाराचं पातं, २५ आरपीएम) : ३.१४ × ०.७२ × ०.४१७ = ०.९४ मीटर पर सेकंद.

पातं जवळजवळ पाचपट मोठं, आणि टोकाचा वेग बारावा हिस्सा. मऊ मालाला एक-दोन मीटर पर सेकंदाच्या आत राहायचं, असा आम्ही नियम धरलाय. हाय शिअर होमोजिनायझरची डोकी सहज १० च्या पुढं चालतात, म्हणजे आम्ही नकळत फळाच्या तुकड्यांवर होमोजिनायझर चालवत होतो.

जाड मालाच्या टाकीत सरासरी शिअर किती पडतो याचा एक अंदाज मेट्झनर आणि ओटो या दोघांनी १९५७ साली मांडला, तो आजही वापरतात. सेकंदाला फेरे गुणिले पात्याचा एक ठरावीक आकडा. प्रोपेलर-टर्बाइनला तो साधारण १० ते १३, अँकरला २० ते २५. जुन्या स्टररचा २४ × १० म्हणजे २४० पर सेकंद, अँकरचा ०.४१७ × २५ म्हणजे साधारण १०. आणि ही झाली सरासरी, पात्याच्या टोकाशी मार याच्या कितीतरी जास्त असतो आणि तुकडा तिथंच मोडतो.

५. पातं निवडणं

पातळ माल, पाण्यासारखा, त्यात फक्त साखर विरघळवायचीय किंवा पावडर तरंगत ठेवायचीय, तर ४५ अंशात वाकवलेली पाती किंवा हायड्रोफॉइल (पंखासारखं वळवलेलं पातं) मोठ्या व्यासाचं घेऊन हळू फिरवा. व्यास टाकीच्या एक तृतीयांश ते निम्मा. अशा टाकीला आतून चार उभ्या पट्ट्या, बॅफल, लागतात, नाहीतर मधोमध भोवरा पडून हवा आत ओढली जाते. शाम्पू-हँडवॉशवाल्यांना हा त्रास फार होतो, हवा एकदा बसली की बाटली भरताना वजन आणि लेव्हल जुळत नाही.

जाड माल असेल तर अँकर. टाकीच्या भिंतीला समांतर जाणारं मोठं यू आकाराचं पातं, यात बॅफल नको. पण अँकरचा एक दोष कुणी आपण होऊन सांगत नाही : तो माल गोल गोल फिरवतो, खालचा वर आणि वरचा खाली फारसं करत नाही, आणि शाफ्टजवळचा माल जागच्या जागी राहतो. म्हणून आम्ही मधल्या शाफ्टला दोन तिरकी पाती जोडून घेतली. फारच जाड असेल, चक्का-मलमासारखं, तर हेलिकल रिबन चांगलं, ते स्क्रूसारखं माल वर उचलतं, महाग पडतं पण काम करतं.

फट! अँकर आणि भिंतीतली फट. तुमचा तुकडा १५ मिमीचा आणि फट १२ मिमीची असेल तर प्रत्येक फेऱ्याला तुकडे भिंतीवर चिरडणार, मग आरपीएम कितीही कमी करा. एकतर फट तुकड्यापेक्षा मोठी ठेवा, आमची २० मिमी आहे, नाहीतर भिंतीला टेकणारे टेफ्लॉनचे स्क्रेपर लावा म्हणजे तुकडा मध्ये शिरतच नाही. जॅकेटमधनं (टाकीभोवतीच्या दुहेरी आवरणातनं) स्टीम देऊन गरम करणार असाल तर स्क्रेपर लागतातच, हळू ढवळलेला गोड माल भिंतीला धरतो आणि करपतो.

कोरड्या पावडरीला, हळद-तिखट-मसाल्याला, रिबन ब्लेंडर, आणि भरायचा ४० ते ७० टक्केच. गच्च भरला की वरचा माल नुसता बसून राहतो. बेदाण्यासारखा चिकट आणि दाबला की फुटणारा माल असेल तर डबल कोनसारखा, आख्खं भांडं फिरणारा प्रकार बघा, त्याच्या आत पातंच नसतं.

६. फॅब्रिकेटरकडं जाताना हा कागद न्या

तोंडी सांगू नका. एका पानावर लिहा, सही करा, त्याचीही सही घ्या.

- मालाचं नाव, घनता, जाडी (तापमानासकट लॅब रिपोर्ट जोडून)
- सगळ्यात छोटी आणि सगळ्यात मोठी बॅच किती लिटरची
- सगळ्यात मोठ्या तुकड्याचं माप
- कामाचं तापमान, जॅकेट पाहिजे का, स्टीमचं प्रेशर
- टोकाचा वेग किती ते किती पाहिजे (आरपीएम त्याला काढू द्या)
- आतला धातू, एसएस ३०४ का ३१६, आणि आतली पॉलिश
- तुमचा मंजूर वीजभार, सिंगल फेज का थ्री फेज

आणि त्याच्याकडनं घ्यायचं : मापांसकट ड्रॉइंग (फट लिहिलेली पाहिजे), धातूचं टेस्ट सर्टिफिकेट, मोटर-गिअरबॉक्सची वॉरंटी, सीलचा सुटा सेट. सगळ्यात छोट्या बॅचचा मुद्दा लोक विसरतात. ३०० लिटरच्या टाकीत ६० लिटर टाकलं आणि तिरकी पाती मालाच्या वरच राहिली तर नुसती हवा फेटली जाते.

७. मोटर, गिअरबॉक्स, ड्राइव्ह

इथं एक मोठा सापळा आहे. गिअरबॉक्सचे पैसे वाचवायला काहीजण सांगतात की व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावा, १४४० ची मोटर पाहिजे तेवढी हळू फिरेल. फिरेल, पण १४४० वरून २५ वर आणायला ड्राइव्ह एक हर्ट्झच्याही खाली न्यावा लागतो, तिथं मोटरला धड ताकद नसते आणि तिचा स्वतःचा पंखाही तेवढाच हळू फिरत असल्यामुळं ती तापून जळते. जाड मालाला हळू फिरवायला टॉर्क लागतो आणि टॉर्क गिअरबॉक्समधनं वाढून मिळतो. आमच्याकडं ४० ला १ चा गिअरबॉक्स आहे, म्हणजे ५० हर्ट्झला ३६ आरपीएम, आणि ड्राइव्हवर ३५ हर्ट्झला ठेवलं की २५ आरपीएम. दोन्ही घ्या.

मोटरवर बाणाची खूण रंगवून घ्या. वायरमननं काही काम केलं आणि दोन फेज उलटसुलट जोडल्या गेल्या की पातं उलटं फिरतं, तिरकी पाती माल खाली ढकलायच्या ऐवजी वर ओढतात आणि आपण दिवसभर शोधत बसतो की आज मिक्सिंग का होईना.

लाइट गेली आणि बॅच तशीच बसून राहिली तर जाड माल आणखी घट्ट होतो. लाइट आल्यावर थेट फुल स्पीडला चालू करू नका, ड्राइव्ह अगदी कमी हर्ट्झपासून सावकाश वाढवा, नाहीतर ट्रिप तरी होणार नाहीतर शाफ्ट पिळणार.

आणि झाकणाला लिमिट स्विच बसवाच, झाकण उघडलं की मोटर बंद. २५ आरपीएम बघायला गरीब वाटतं पण त्यामागं गिअरबॉक्सची ताकद असते, ते हात सापडला तरी थांबत नाही. आमच्याकडं काम करणाऱ्या ताईंना आम्ही पदर-ओढणी खोचून वर ॲप्रन घातल्याशिवाय टाकीजवळ जाऊ देत नाही, आणि चालू टाकीत कुणीही पळी घालायची नाही, मालकानं पण नाही.

८. छोटी ट्रायल आणि मग मोठी बॅच

बादलीएवढ्या भांड्यात २०० मिमीचं पातं ९० आरपीएमला फिरवून आमची ट्रायल झाली, पाच मिनिटांत माल एकजीव आणि तुकडे शाबूत. टोकाचा वेग काढला तर ०.९४. मोठ्या टाकीत तोच ९० आरपीएम ठेवला असता तर टोकाचा वेग ३.४ वर गेला असता. म्हणून आरपीएम नाही, टोकाचा वेग तोच ठेवायचा, आणि ७२० मिमीला तो २५ आरपीएमला येतो.

पण मग वेळ वाढतो, आणि तो वाढू द्यायचा. माल मिसळायला साधारण तेवढेच फेरे लागतात : ९० × ५ म्हणजे ४५० फेरे, तेच २५ आरपीएमला घ्यायला १८ मिनिटं. पहिल्यांदा पाच मिनिटांनी झाकण उघडून बघितलं की अजून रेघा दिसतात आणि हात आपोआप ड्राइव्हच्या बटणाकडं जातो. जाऊ देऊ नका.

९. कुठला माल आधी, कुठला नंतर

सगळंच हळू करायचं असं पण नाही. पेक्टिन किंवा झँथन (माल घट्ट करणाऱ्या पावडरी) थेट संथ टाकीत टाकलं की माशाच्या डोळ्यासारख्या गुठळ्या होतात, बाहेरून ओल्या आतून कोरड्या, आणि अँकर त्या जन्मात फोडत नाही. ते आधी पाचपट तरी साखरेत कोरडंच कालवून घ्या, मग वेगळ्या छोट्या टाकीत गरम पाण्यात जोरात ढवळून पूर्ण विरघळवा. आमचा जुना १४४० चा स्टरर आता त्याच कामाला आहे आणि तिथं तो उत्तम चालतो.

मग तो पाक अँकरच्या टाकीत, तिथं साखर, आम्ल, रंग सगळं जुळलं, ब्रिक्स (साखरेच्या प्रमाणाचं माप) बघितला की शेवटी फळ. ज्याला मार सोसत नाही ते सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याच्या वाट्याला फेरे कमीत कमी येतात. पूर्ण वितळलेली स्ट्रॉबेरी फार मऊ पडते, थोडी कडक असतानाच घ्या.

श्रीखंडाचं थोडं वेगळं. चक्का-साखर घरी आपण पुरणयंत्रातनं काढतो ते कण मोडायलाच, तेवढा शिअर त्याला लागतोच. तो एकदा द्या, चाळणीतनं एकदाच काढा, आणि त्यापुढं वेलची-केशर-चारोळी घालून फक्त कालवा.

१०. मिसळलं का ते कसं कळणार

वरनं बघून नाही कळत. वरचा, मधला, तळाचा असे तीन नमुने काढा, तिन्हींचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर घ्या आणि तिन्हींतले तुकडे १०० ग्रॅममध्ये किती ते मोजा. ब्रिक्स जुळला आणि तुकडे वर तरंगून किंवा तळाला जमले असतील तर पाक पातळ आहे, स्पीड वाढवून ते सुटणार नाही.

११. पंपानं घालवू नका

हे आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं. टाकीतनं चाळणी टेस्ट पास, बाटलीत मात्र लगदा. टाकी आणि फिलिंगच्या मध्ये २८८० आरपीएमचा सेंट्रिफ्युगल पंप होता, अठरा मिनिटं जपलेला माल तो सेकंदात मोडत होता. तुकड्यांच्या मालाला लोब पंप किंवा स्क्रू पंप लागतो, आणि जागा असेल तर टाकी उंचावर ठेवून माल आपल्या वजनानं उतरवणं सगळ्यात स्वस्त. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून फ्लो कमी करायची सवय असते, तीही बंद करा, अरुंद फटीतनं जाताना तोच मार बसतो. फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा. टाकी रिकामी होत आली आणि माल तिरक्या पात्यांपर्यंत उतरला की मोटर बंद.

१२. वही

पहिल्या बॅचपासून एक वही टाकीला बांधून ठेवा : तारीख, ब्रिक्स, तापमान, ड्राइव्हचे हर्ट्झ, ॲम्पिअर, मिनिटं, चाळणीवरचं वजन. यातला ॲम्पिअरचा रकाना चुकवू नका. तोच हर्ट्झ, तीच बॅच आणि ॲम्पिअर रोजच्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर माल जाड झालाय किंवा थंड पडलाय, कमी दाखवत असेल तर पातळ झालाय आणि तुकडे वर किंवा तळाला वेगळे होणार, आणि मालाची जाडी तीच असून ॲम्पिअर आठवड्या-आठवड्यानं चढत चालला असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल आणि बेअरिंग बघायला माणूस बोलवा.